जुना कॉम्प्युटर भाचीला द्यायचा असेल तर…



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद केली आणि त्याच आठवड्यात आपल्याकडे वसुबारस आली. या दोन गोष्टींचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध असा, की आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला एखादा भाऊ, मेहुणा किंवा जावई पुणे, संभाजीनगर, नागपूरला नोकरीला असतो. तो नवा लॅपटॉप घेतो आणि सणाला गावी येताना जुना कॉम्प्युटर गाडीच्या डिक्कीत टाकून आणतो. "पोरांच्या कामी येईल" म्हणतो. आपण शिक्षकही हेच करतो. आपला जुना संच पुतण्याला, भाचीला, मेहुणीच्या मुलाला देऊन मोकळे होतो.

या "मोकळे होतो"लाच माझी हरकत आहे.

घरचा बैल भावाला दिला तर आपण नुसतं दावं हातात देऊन येतो का? तो डाव्या अंगाला चालतो की उजव्या, कुठे अडतो, पाण्याला कसा बुजतो, हे सगळं सांगतो. कॉम्प्युटर मात्र वायरींचा गुंता पिशवीत कोंबून, पासवर्डही न सांगता देतो. मग तो संच दोन-चार दिवस चालतो, एके दिवशी अडतो आणि त्यावर रुमाल पडतो. दसऱ्याला हळद-कुंकू लागतं, तेवढंच. घेणाऱ्या घरात कुणीतरी बोलतंच, "त्याईच्या घरी अडगळ झाली म्हून आमच्या घरी आणून टाकली." आणि खरं सांगायचं तर ते बोलणं चूक नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. विंडोज १० ची अपडेट्स थांबली म्हणजे कॉम्प्युटर मेला असं नाही. तो सुरू होतो, चालतो, टाईपही होतं. फक्त नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावणं थांबतं. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१४-१५ साली घेतलेल्या संचात तो नसतोच. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. त्यापुढे लिनक्सचा रस्ता आहे. लिनक्स मिंट फुकट आहे, आपल्या सी-डॅकची बॉस लिनक्सही आहे, आणि लिब्रेऑफिसमध्ये अर्ज, तक्ते, प्रकल्प सगळं होतं. गावात नेट कॅफेवाला किंवा पॉलिटेक्निकचा एखादा मुलगा असतो, त्याच्याकडून हे दोन तासांत होऊ शकतं. पण ते देणाऱ्याने करून द्यायचं. घेणाऱ्याच्या गळ्यात टाकायचं नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो. तो आपल्या शिक्षकांचा आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असतं याचा विचार करा. सरलची माहिती भरताना केलेल्या एक्सेल शीट, युडायससाठी जमवलेले विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, जातीचा रकाना, आईचं नाव. शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेली बँक पासबुकं. निकालपत्रकं. कुणाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, कुणाचं दिव्यांग प्रमाणपत्र. शाळेत नेट नाही, लाईट नाही म्हणून आपण ही कामं रात्री घरी बसून केली. ती माहिती आपली नाही, पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची वेगळी दखल घेतली आहे. पण कायदा बाजूला ठेवा. तुमच्या वर्गातल्या मुलीचा फोटो, पत्ता आणि आधार क्रमांक तुमच्या साडूच्या घरी, तिथून त्याच्या मित्राच्या पेन ड्राईव्हवर आणि शेवटी भंगाराच्या दुकानात गेला, तर ते तुम्हाला चालेल का? माणसं घरचीच आहेत हे उत्तर इथे चालत नाही. संच घरातल्या माणसाकडे कायमचा राहत नाही.

"डिलीट केलं की सर" असं बरेच जण म्हणतात. फाईल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली तरी साध्या हार्ड डिस्कवरचा मजकूर तिथेच असतो. फक्त त्या जागेवर "रिकामी" अशी पाटी लागते. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतो. झटपट फॉरमॅटचंही तसंच. म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये रिकव्हरीत जाऊन संच रीसेट करताना सगळं काढून टाकण्याचा पर्याय निवडा आणि त्याच्या आत ड्राईव्ह साफ करण्याची जी वेगळी सोय आहे, ती चालू करा. हे काम काही तास चालतं. रात्री लावून झोपा. मध्येच वीज गेली तर पंचाईत होते, तेव्हा भारनियमनाची वेळ बघून लावा.

त्याआधी मात्र घरचे फोटो वेगळे काढा. लग्नातले, बारशातले, आजोबांचे शेवटचे. पुसून झाल्यावर आठवण आली तर उपयोग नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही बघा. शालार्थचा असेल, बँकेचा असेल. गुगल खात्यातून बाहेर पडा आणि मोबाईलवरून त्या खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन जुना संच यादीतून काढून टाका. भाचीला तिच्या मामाच्या ई-मेलमध्ये शिरण्याची इच्छा नसते हो, पण खातं उघडंच असेल तर तिनं काय करायचं?

हे झालं पुसण्याचं. आता कुणाला द्यायचा?

इथे माझं मत अनेकांना पटणार नाही. पण आपल्याकडे जुना कॉम्प्युटर जवळजवळ ठरल्यासारखा मुलाकडे जातो. घरात बारावी झालेली मुलगी असली तरी, "पोरीले कशाले पाह्यजे कॉम्प्युटर, तिले त मोबाईल हाय ना." पण खरी गरज कोणाला आहे ते पाहा. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. एमएस-सीआयटी तर २००१ पासून आपल्या ओळखीची. टायपिंगला जाणाऱ्या मुलींना संस्थेत दिवसाला ठरलेला तासच मशीन मिळतं. सोयाबीनची सोंगणी आली, घरी पाहुणे आले, संध्याकाळची एसटी चुकली, की पहिला बुडतो तो तिचा तास. बोटांना वेग येतो तो रोजच्या सरावाने, आणि तो सराव मोबाईलवर अंगठ्याने होत नाही. टायपिंगला जुन्यात जुना कॉम्प्युटरही पुरतो. नवा गेम ज्यावर चालत नाही असा संच तिच्यासाठी सोन्यासारखा आहे. (गेम चालत नाही म्हणून भावाचाही त्रास कमी, हा वरचा फायदा!)

तिच्यासाठी द्यायचा असेल तर मराठी कळफलक लावून द्या. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. 'के' दाबलं की क आणि 'डी' दाबलं की पाय मोडतो. पण संस्थेत रेमिंग्टन पद्धत शिकवत असतील तर घरी तीच हवी, नाहीतर बोटं गोंधळतात. आधी तिला विचारा.

संच ठेवायचा कुठे, हेही देतानाच बोलून घ्यावं. बैठकीत ठेवला तर घरी चार माणसं आली की मुलीला उठावं लागतं. आतल्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या जागेजवळ ठेवला तर वापरला जातो. ही बारीक गोष्ट वाटेल, पण माझ्या मते निम्मा वापर जागेवरच ठरतो.

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला होता. त्या योजनेतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे यंत्र मुलाचं स्वतःचं, ते घरीसुद्धा न्यायचं. शाळेच्या कुलूपबंद खोलीतले संच आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्यासोबत आपलं वाशिम होतं. सरकारी योजना येतील तेव्हा येतील. तोवर मामाच्या घरचा जुना संच हीच कित्येक मुलांची पहिली ओळख असणार आहे.

यंत्राची थोडी डागडुजी करून द्या. आतली धूळ ब्रशने काढा. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली तर पाच मिनिटं घेणारा संच अर्ध्या मिनिटात सुरू होऊ शकतो. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ नावाचा सेल असतो. तो उतरला की दर वेळी तारीख मागे जाते आणि मग चांगल्या वेबसाईटही "सुरक्षित नाही" म्हणतात. घेणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. सेल बदलला की संपलं. जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं, पण अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या केबलने जोडून नेट देता येतं, हे एकदा समोर करून दाखवा. विजेच्या बिलाची भीती घालणारे असतात. एलसीडी पडद्याचा साधा संच शंभर वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे दहा तासांना एक युनिट. यूपीएस मात्र हवाच.

आणि ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. तिच्या इयत्तेची, धाकट्या भावंडांचीही उतरवून आत भरून ठेवा. नेट नसलं तरी उघडतात.

पैसे घ्यायचे का? भाऊ-बहिणीत जुन्या कॉम्प्युटरचे पैसे मागू नयेत असं मला वाटतं. एसएसडी किंवा यूपीएसचा खर्च मात्र त्यांना करू द्यावा. त्यानं वस्तू त्यांची होते आणि उपकाराचं ओझंही राहत नाही. ज्याला दिला नाही त्या भावाला मात्र आधीच फोन करून सांगा, नाहीतर पुढच्या लग्नात ऐकून घ्यावं लागेल.

संच खरोखर मेलेला असेल, पडदा काचेच्या नळीचा असेल, तर तो कुणालाच देऊ नका. त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. तोवर कोरड्या जागी ठेवा, पण "चालू होईल बघ" म्हणून बहिणीच्या घरी पाठवू नका.

बाकी, दिल्यावर पहिले पंधरा दिवस फोन येणारच. "मामा, आवाजच येत नाही." आधी विचारा, स्पीकरची पिन कुठे लावली. बहुतेक वेळा ती माईकच्या भोकात असते.