मेलेल्यांचें देणें आणि न जन्मलेल्यांचें घेणें

शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरीं मूल जन्मास येतें तेव्हां त्याच्या अंगावर लंगोटीही नसते. परंतु धर्माच्या ठेकेदारांनीं त्याच्या नांवावर तीन कर्जें आधींच मांडून ठेविलेलीं असतात. एक देवांचें, दुसरें ऋषींचें व तिसरें पितरांचें. या तीन ऋणांची कथा कीर्तनांत, पुराणांत व दर पितृपक्षांत आपण ऐकत आलों. परंतु ही वही कोणीं लिहिली, वसुली कोणाच्या घरीं गेली व पावती कोणास मिळाली, हें विचारण्याचें धैर्य आपल्यापैकीं फार थोड्यांनीं केलें. तें आज आम्ही विचारणार आहों. आणि त्यापुढें आणखी एक गोष्ट विचारणार आहों, कीं पुढें जन्मास येणाऱ्या लेकरांचें जें देणें या तिहींत कोठेंच मांडलेलें नाहीं, तें कोण फेडणार?

तीन ऋणांचें मूळ वचन तैत्तिरीय संहितेंत आहे. त्यांत जन्मतः ऋणी म्हणून नांव घेतलें आहे तें ब्राह्मणाचें. ऋषींचें ऋण ब्रह्मचर्यानें, देवांचें यज्ञानें व पितरांचें संततीनें फिटतें, असा त्या वचनाचा अर्थ. आतां ज्या कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या व कुंभाराच्या कानीं वेदाचा शब्द पडूं दिला नाहीं, त्यांस वेद सांगणाऱ्या ऋषींचें कर्ज कोठून लागलें? माल दिला नाहीं आणि उधारी मात्र मांडली, हा कोणत्या पेठेंतला व्यवहार? पितरांचें ऋण तर त्या वचनाप्रमाणें मूल झालें कीं फिटलें. मग तें दरवर्षीं शिधा, दक्षिणा व गोदान या रूपानें पुन्हां पुन्हां कां वसूल व्हावें? फिटलेल्या खतावर दुसऱ्यांदा पैसे उकळणारास बाजारांत काय म्हणतात, तें वाचकांस ठाऊकच आहे. आणि या वचनांतली खरी खूण तर आम्हांस कोणीं दाखविलीच नाहीं. वाडवडिलांचें देणें वाडवडिलांकडे परत जात नाहीं. तें खालीं, लेकराकडे जातें, हें त्यांच्याच पोथींत लिहिलें आहे!

भटजींच्या वहीशेजारीं सावकाराची वही असे. बापाचें कर्ज मुलानें व्याजासह फेडावें, आज्याचें कर्ज नातवानें निदान मुद्दलापुरतें फेडावें, असा स्मृतिकारांचा नियम; न फेडल्यास बापास परलोकीं गति नाहीं, अशी वर धमकी. इंग्रजी न्यायकचेऱ्यांनीं हा नियम उचलून कायदा म्हणून चालविला. मुंबई इलाख्यांत तर बापामागें वीतभर जमीन राहिली नसली तरी मुलगा त्याच्या कर्जास बांधलेला असे. १८६६ च्या कायद्यानें ती जबाबदारी वारशानें आलेल्या मिळकतीपुरती केली. परंतु ती मिळकत म्हणजेच जमीन, व ती सावकाराच्या घशांत जातच राहिली. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी उठले व सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. पाहतां पाहतां तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गांवीं पसरला. त्यांचा रोख माणसांपेक्षां कर्जाच्या खतांवर होता. बापाच्या अंगठ्यानें नातवाचा गळा बांधला जातो तो या कागदानें, एवढें त्या निरक्षर माणसांस बरोबर कळलें होतें.

त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. पिढीजात वेठबिगारीस १९७६ च्या कायद्यानें मूठमाती मिळाली. आणि बापाचें नवें कर्ज केवळ मुलाचें 'धर्मकर्तव्य' म्हणून मुलाकडून वसूल करतां येणार नाहीं, हें ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें ठरलें. सुप्याच्या कुणब्यास १८७५ सालीं जें कळलें तें कायद्याच्या पुस्तकांत पुरतें उतरावयास १३० वर्षें लागलीं. आजही बाप गेल्यावर खाजगी सावकार विधवेच्या व पोराच्या दारांत येऊन बसतो. अशा घरांनीं ध्यानांत ठेवावें, कीं स्वतः सही दिली नसेल व जामीन राहिलें नसेल, तर वारशानें मिळालेल्या मिळकतीपलीकडे वारस कांहीं देणें लागत नाहीं.

पैशाच्या कर्जासारखेंच चाकरीचें कर्जही पिढीजात चालत आलें. महारानें वतनाच्या तुटपुंज्या जमिनीपायीं रात्रंदिवस गांवकी राबावी व त्याच्या पोरानेंही तेंच करावें, हा त्याचा सर्वांत कठोर नमुना. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत या वतनाविरुद्ध बिल आणिलें. हीं वतनें शेवटीं १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. लोहाराच्या पोरानें भाताच चालवावा, न्हाव्याच्या पोरानें धोकटीच उचलावी, हीही त्याच साखळीची कडी. बापाचें कसब मुलास मिळावें, तें त्याच्या हातांतलें हत्यार म्हणून मिळावें. पायांतली बेडी म्हणून नव्हे.

येथें कोणी विद्वान म्हणेल, कीं मग तुम्हीं वाडवडिलांशीं नातेंच तोडलें. हा वाद जुना आहे. फ्रान्सांत राज्यक्रांति झाली तेव्हां इंग्लंडांत एडमंड बर्क यानें १७९० सालीं लिहिलें, कीं समाज ही मेलेल्यांची, जिवंतांची व पुढें जन्मणाऱ्यांची भागीदारी आहे. ती एका पिढीनें मोडूं नये. त्यास टॉमस पेन यानें १७९१ सालीं 'मनुष्याचे हक्क' या ग्रंथांत उत्तर दिलें, कीं मेलेल्यांस जिवंतांवर हुकूम गाजविण्याचा अधिकार नाहीं. हाच ग्रंथ जोतीराव फुल्यांनीं तरुणपणीं वाचला, आणि १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून मधल्या दलालावांचून लग्न व अंत्यविधि करण्याची वाट आपणांस मोकळी केली. आम्ही या वादांत पेनच्या बाजूचे आहों. परंतु बर्कच्या भागीदारींतला तिसरा भागीदार, जो अजून जन्मला नाहीं, तो आम्हीही सोडीत नाहीं. मेलेल्यास भूक नाहीं, तहान नाहीं. त्याचें आपण कांहीं बुडवूं शकत नाहीं. जो जन्मावयाचा आहे त्यास भूक व तहान दोन्ही लागणार आहेत. त्याचें सर्व कांहीं आपण आजच बुडवूं शकतों. जेथें बुडविण्याची ताकद आहे तेथेंच देणें आहे. न्यायाचें मूळ येथें आहे.

आणि आपण बुडवीत आहों, हें आम्हांस आपल्याच माणसांच्या तोंडावर सांगणें भाग आहे. येथें भटजीकडे बोट दाखवून सुटतां येणार नाहीं. महाराष्ट्राची बहुतेक भुई काळ्या पाषाणाची आहे. पावसाचें पाणी वरच्या मुरमांत व झिजलेल्या खडकांत सांठतें. आपल्या आज्याची सात-आठ परस विहीर त्यावरच चाले. त्याखालीं घट्ट खडक व त्यांत तुरळक फटी. त्या फटींतलें पाणी फार सावकाश भरतें. आम्ही शाळामास्तर मुलांस व्याजाचें गणित शिकवितों, त्या भाषेंत बोलावयाचें तर दरसालचा पाऊस हें व्याज आहे व खोल फटींतलें पाणी हें मुद्दल. आज बोअर मारून, तो आटला कीं शेजारीं दुसरा, तो आटला कीं आणखी खोल तिसरा मारून, आपण नातवाचें मुद्दल उपशीत आहों. जुन्या सावकारानें निदान कागद केला होता, तो सुप्यास जाळतां आला. या कर्जाचा कागदच नाहीं. नातू जाळील काय?

यांत पहिला मार कोणास बसतो तेंही पाहावें. ज्याच्या पदरीं पैसा तो तीन बोअर मारतो; ज्याची दोन एकर जमीन त्याची उथळ विहीर प्रथम आटते; आणि ज्यास जमीनच नाहीं त्या कारागिराच्या बायकोच्या डोक्यावर हंडा चढतो. म्हणून पुढच्या पिढीवरचा अन्याय हा आजच्या गरिबावरच्या अन्यायाचा सख्खा भाऊ आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानें शेतीसाठीं व कारखान्यासाठीं ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीस मनाई केली आहे. कायदा कागदावर आहे. बोअरची गाडी मात्र उन्हाळाभर गांवोगांव धडधडत असते.

कोणी म्हणतील, जो जन्मलाच नाहीं त्याचा हक्क कसला? त्यांस आमचें उत्तर असें, कीं बाप मेला त्या वेळीं जें मूल आईच्या पोटांत आहे, तें जिवंत जन्मल्यास त्यास वांटा मिळतो, हें १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांतच आहे. नऊ महिन्यांनीं येणाऱ्याचा वांटा राखतां, मग नव्वद वर्षांनीं येणाऱ्याचा कां नाहीं? दुसरे म्हणतील, पुढच्यांनीं आमचें काय केलें आहे? तर १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली, पाझर तलावांचे बांध घातले, त्यांचें तरी तुम्हीं काय केलें होतें? राजर्षि शाहू महाराजांनीं राधानगरीच्या धरणाची योजना १९०७ सालीं हातीं घेतली. १९२२ सालीं ते निवर्तले तेव्हां काम अर्धवट होतें. तें पुढच्यांनीं पुरें केलें, व कोल्हापूरच्या शेतांस त्याचें पाणी मिळालें. त्याच महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला. याला म्हणावें पितृऋण फेडणें!

तिसरे म्हणतील, आजच पोटास नाहीं, तेथें नातवाचें काय बोलतां? हा आक्षेप मात्र खरा आहे, व त्याला आम्ही मान देतों. म्हणूनच हें ओझें ज्याच्यापाशीं जास्त त्यानें व सरकारनें आधीं उचललें पाहिजे. परंतु गरीब गांवासही तें अशक्य नाहीं. नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें दुष्काळी गांव. तेथें गांवानें बसून शेतीसाठीं बोअरचें पाणी घ्यावयाचें नाहीं, ऊस लावावयाचा नाहीं, असें ठरविलें. दरसाल पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद करितात व मग पीक ठरवितात. ते कोणी देवदूत नाहींत; तुम्हांआम्हांसारखेच शेतकरी आहेत.

तेव्हां बांधवहो व भगिनींनो, 'बाप दाखव नाहीं तर श्राद्ध कर' असें म्हणतात. आम्ही म्हणतों, नातवास काय ठेविलें तें दाखवा, मग श्राद्धाचें बोला. तेराव्याचें जेवण कर्ज काढून घालूं नका. येथें आतां भटजीपेक्षां आपली भाऊबंदकीच नांवें ठेवावयास पुढें असते, ठेवूं द्या. तो पैसा पोराच्या व पोरीच्या शिक्षणास लावा. जिच्या बापाची जमीन आहे तिला तिचा वांटा द्या. महाराष्ट्रांत १९९४ च्या व देशभर २००५ च्या कायद्यानें तो मुलाइतकाच आहे, आणि तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यास भाऊ तहशील कचेरींत उभे असतात, ही लाज आपली आहे. आणि पावसाळा संपल्यावर जी ग्रामसभा भरेल तींत एकानें तरी उठून विचारावें, कीं गांवांत पाणी किती आलें, कोणीं किती उपसलें व पुढच्यांस किती राहिलें. उत्तर मिळेपर्यंत खालीं बसूं नये, व तें ग्रामसेवकाच्या वहींत लिहवून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.