खवय्येगिरीचं कौतुक पुरे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आजचा लेख तिखट होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नातेवाइकांपैकी दोघा-तिघांना तो आपल्यावरच लिहिलाय असं वाटेल. त्यांना अगदी बरोबर वाटेल!

तर झालं असं. मुलाकडे पुण्याला राहायला आल्यापासून मी सकाळी फिरायला जाऊ लागलो आणि तिथे सात-आठ निवृत्तांच्या कट्ट्यात सामील झालो. फिरणं वीस मिनिटं, बोलणं तासभर, आणि विषय कायम एकच, खाणं! कुठल्या मिसळीला कट कसा असतो, कुठल्या अमृततुल्यात चहा अजून पितळेच्या पातेल्यात उकळतो, बाकरवडी कुणाची आणि साबुदाणा वडा कुणाचा. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर रविवारी पहाटे गाडी काढून मिसळ खायला शंभर किलोमीटर जातात आणि सोमवारी आम्हाला तिचं कीर्तन ऐकवतात.

घरीही तीच तऱ्हा. भाचा वाइनच्या नादी लागलाय. नाशिकला जाऊन येतो, पेला गोल गोल फिरवतो, नाक आत घालतो आणि डोळे मिटून बसतो. एकदा मी त्याला विचारलं, "बाळा, द्राक्षाच्या छाटण्या वर्षातून किती रे?" त्याला ठाऊक नव्हतं. दोन असतात. एक एप्रिलची खरड छाटणी आणि दुसरी ऑक्टोबरची. सुरगाणा, पेठकडची आदिवासी माणसं टोळ्या करून दिंडोरी-निफाडच्या बागांत या कामांना येतात. "मामा, तुम्ही विषय कुठल्या कुठे नेता," असं म्हणाला. मी म्हटलं, मी विषय जिथला आहे तिथेच नेतोय!

माझा खाण्याला विरोध नाही. मी काही उपासतापासवाला माणूस नव्हे. पुरणपोळीवर तूप कमी पडलं तर मी आजही मागून घेतो. माझा राग आहे तो खाण्याबद्दलच्या या बोलण्यावर. तासभर चाललेल्या गप्पांत जीभ असते, नाक असतं, दुकानाची पाटी असते, मालकाचं आडनाव असतं. नसतो तो रांधणारा. पहाटे तीनला उठून मटकीला फोडणी देणाऱ्याचं नाव तिथे शंभर किलोमीटर जाऊन आलेल्या माणसालाही ठाऊक नसतं.

आता ही आपली भाषाच बघा. मराठीचा मास्तर आहे, सवय जात नाही. 'खवय्या' हा शब्द आपण किती कौतुकाने उच्चारतो! 'ते मोठे खवय्ये होते' असं श्रद्धांजलीच्या लेखातसुद्धा लिहितात. म्हणजे खाणं हासुद्धा एक गुण झाला. याच्या जोडीला तुम्ही लगेच 'सुगरण' शब्द काढाल. काढा. पण खवय्याचं कौतुक झालं की त्याला आणखी एक पोळी मिळते, सुगरणीचं कौतुक झालं की तिला आणखी एक लाटावी लागते. गंमत म्हणजे सुगरण पक्ष्यांत घरटं विणतो तो नर! जिथे काम नराचं आहे तिथे आपण नाव बाईचं दिलं आणि जिथे काम बाईचं आहे तिथे मिरवायला खवय्या बसला.

दुसरा शब्दप्रयोग म्हणजे 'हाताला चव'. "तिच्या हाताला काय चव आहे हो!" ऐकायला किती गोड. पण याचा अर्थ काय होतो बघा. चव जन्मतःच हातात आली, म्हणजे ती शिकावी लागली नाही, म्हणजे तिला कष्ट नाहीत, म्हणजे तिचं मोलही नाही. उत्तम सुताराच्या हाताला चव आहे असं आपण म्हणत नाही. त्याला कारागीर म्हणतो आणि मजुरी देतो.

आणि तिसरं, 'आता पूर्वीसारखी चव राहिली नाही.' मागच्या महिन्यात कट्ट्यावर एकाने गिरणगावातल्या खानावळींचा विषय काढला. तरुणपणी ते लालबागला राहायचे. "काय ते बाईच्या हातचं कालवण! गेलं सगळं," म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "गेलं कसं?" उत्तर नाही.

मग मीच सांगितलं. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार या बायकांकडे महिन्याच्या हिशेबावर जेवायचे. पगार होईपर्यंत किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. राबून राबून हाती फारसं काही उरायचं नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांना मिळवून दिलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. कामगार गावी परतले. आता सांगा, कालवण गेलं की ते करणारीची चूल गेली? माझे कट्टेकरी म्हणाले, "सर, सकाळी सकाळी संप कशाला?"

तुम्ही म्हणाल, याला एवढं चिडायला काय झालं? सांगतो. हे लिहायला मला वर्ष लागलं.

आमच्या घरातलं माणूस २०२३ साली गेलं, हे तुम्हा बहुतेकांना माहीत आहे. गेल्या वर्षी वर्षश्राद्ध होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्या दिवशी पानात वाढायचं, ही आपली रीत. दोन दिवस आधी सूनबाईंनी कागद-पेन घेऊन विचारलं, "बाबा, आईंना काय आवडायचं?"

मी म्हटलं, "पुरणपोळी." मुलगा म्हणाला, "छे, ती तर मला आवडते. आई करायची." मुलगी फोनवर म्हणाली, "भरली वांगी." तीही आईची खासियत, आवड मुलीची. धाकटा भाऊ म्हणाला, "वहिनींच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीला तोड नव्हती." पुन्हा हात! अर्धा तास आम्ही सगळे खवय्ये तिने काय काय उत्तम केलं त्याची यादी सांगत होतो. तिला स्वतःला काय खायला आवडायचं, हे अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यासकट एकालाही सांगता येईना. सूनबाईंच्या हातातला कागद कोराच राहिला.

मग नातीला तिची 'रुचिरा' आठवली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. आमच्याकडची प्रत लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेली. पानं सुटलेली, हळदीचे डाग पडलेले. समासात तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपून ठेवलं होतं. 'ह्यांना गूळ जास्त.' 'आईंना दात नाहीत, मऊ करणे.' 'धाकट्या भावजींना लसूण चालत नाही.' 'बाळ्या दाणे काढून टाकतो, कूट घालणे.' सगळं घर त्या समासात होतं. तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

शेवटी मी अंबाजोगाईला मेव्हणीला फोन लावला. ती क्षणभरही थांबली नाही. "ताईला ना? हुलग्याचं माडगं! थंडीत वाडगाभर घेऊन चुलीपुढं बसायची."

आणि मला आठवलं. १९७५ सालच्या हिवाळ्यात, लग्नाला सहा महिनेही झाले नसतील, तिने एकदा माडगं केलं होतं. हुलग्याचा तो वास मला सोसला नाही. मी म्हणालो होतो, "हे काय, जनावराचा खुराक!" सगळे हसले होते. तीही हसली होती. त्यानंतर आमच्या घरात माडगं झालं नाही. मी मात्र माझ्या रसनेबद्दल जन्मभर कौतुक ऐकत आलो. "सरांना खाण्यातलं कळतं हं!"

म्हणून म्हणतो, ही खवय्येगिरी वाटते तितकी निरुपद्रवी नाही. एकाच्या आवडीचा जिथे एवढा बडेजाव असतो तिथे दुसऱ्याची आवड गप्प बसते.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, "तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" कट्टेकऱ्यांना विचारलं तर तास पुरत नाही. मग गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई भेटल्या. शाळेतल्या आहाराची योजना १९९५ सालची, पण आधी मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, आणि मग आमच्या शाळेत चूल आली. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे आमच्या दीडशे पोरांचा रोजचा पंधरा किलो. निवडायचा, धुवायचा, धुरात बसून शिजवायचा, वाढायचा आणि पातेली घासायची. २००९ मध्ये केंद्राने या कामाचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली, नाही असं नाही. तरी कट्ट्यावरच्या एका मिसळयात्रेचं पेट्रोल त्या हजारापुढे ठेवून बघा.

बाईंना म्हटलं, "तुम्हाला काय खायला आवडतं?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "सर, हे तर कुनी इचारलंच नाही आजवर." बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "दुसऱ्या कुनी करून दिलेला च्या. कसाबी असू द्या."

यावर लोक मला म्हणतात, सर, खवय्यांमुळेच तर जुने पदार्थ टिकले, छोटे धंदे चालले. काही अंशी खरं आहे. गिऱ्हाईक नसेल तर दुकान बंद पडेल. पण कुठले पदार्थ टिकले हेही बघा ना. कट्ट्यावर मला एकदा विचारलं होतं, "तुमच्या मराठवाड्यात खाण्यासारखं आहे काय?" शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. गावकुसाबाहेरच्या माणसांनी काय शिजवलं आणि का शिजवलं, हे त्यात आहे. त्यातलं किती कट्ट्यावरच्या गप्पांत आलं? शून्य. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आईने रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. पीठ धरत नव्हतं, भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटायची. तिने कढत पाण्यात उकड काढून, युक्त्या करून आम्हाला दोन वेळा खायला घातलं. माझ्या मते तो माझ्या पाहण्यातला सर्वांत अवघड स्वयंपाक. पण त्याला तर्री नाही, म्हणून तो खवय्येगिरीत बसत नाही.

मी काय करावं म्हणतो? फार काही नाही. बाहेर खाल्लंत तर आत डोकावून विचारा, केलं कुणी? आणि त्याला तोंडावर चांगलं झालं म्हणून सांगा. घरी असाल तर आठवड्यातून एक वेळचं जेवण स्वतः करा. हौसेखातर रविवारची बिर्याणी नव्हे, मंगळवारची भाजी-पोळी, मागच्या ओट्यासकट. आणि जिने किंवा ज्याने तुम्हाला आजवर खायला घातलं, त्या माणसाला आज रात्री विचारा, तुला काय आवडतं? "मला काहीही चालतं" हे उत्तर धरू नका. पुन्हा विचारा.

वर्षश्राद्धाला माडगं मीच केलं. नात शेजारी उभी राहून सांगत होती. हुलग्याचं पीठ भाजलं, पाण्यात कालवलं, गूळ-मीठ घातलं. ढवळायला हात कमी पडला आणि गुठळ्या झाल्या. पानात तसंच वाढलं. नंतर एक वाडगा मीही घेतला. पन्नास वर्षांपूर्वी नाक मुरडलं होतं तोच वास. वाईट नव्हता हो.

असो. प्रतिक्रिया जरूर लिहा. मिसळीचं नवीन दुकान मात्र सुचवू नका. तुमच्या घरी रांधणाऱ्या माणसाला काय आवडतं तेवढं विचारून या, आणि ते लिहा. माहीत नसेल तर तसंही लिहा. मीही लिहिलंच की.