वेबसाइट चालू झाली. पण बंद का पडली होती?

जगातल्या ज्या वेबसाइटांची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश पीएचपीवर चालतात. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या होमपेजसाठी लिहिलेली साधनं १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली, त्यांतून ही भाषा वाढली. आज विकिपीडिया तिच्यावर चालतो आणि वर्डप्रेसही. म्हणजे तालुक्याची पतसंस्था, शाळा किंवा दिवाळी अंक यांनी वर्डप्रेसवर बांधून घेतलेली वेबसाइटसुद्धा. ही भाषा सर्व्हरवर बसवायला दोन-तीन कमांड पुरतात आणि बहुतेक वेळा ती बिनबोभाट बसते. खरी परीक्षा ती बसत नाही तेव्हा असते. इंटरनेटवर मिळेल तो उपाय उचलायचा, नाही लागू पडला तर दुसरा, आणि पान एकदाचं उघडलं की ‘झालं काम’ म्हणून मोकळं व्हायचं, अशी आपल्याकडे सर्रास रीत आहे. माझं म्हणणं असं, की कारण न कळता केलेली दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे. तिने बिघाड जात नाही, नुसता नजरेआड होतो. आणि या रीतीचं खापर तंत्रज्ञाच्या आळसावर फोडण्याआधी आपण त्याला काय शिकवतो आणि त्याच्याकडून काम कसं करून घेतो, हेही तपासायला हवं.

अपाचे किंवा एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला पीएचपी मुळात येत नाही. तो फाइल पीएचपीच्या हवाली करतो आणि तिने तयार केलेलं पान वाचकाकडे पाठवतो. या प्रवासात मोजकेच सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा निखळला की त्याची खूण वेगळी दिसते. ब्राउझरमध्ये पानाऐवजी कोडच दिसला किंवा फाइल डाउनलोड झाली, तर सर्व्हर ती पीएचपीकडे देतच नाही. ‘५०२ बॅड गेटवे’ आलं, तर एन्जिनएक्स फाइल द्यायला गेला, पण सांगितलेल्या जागी पीएचपीने प्रतिसाद दिला नाही. ‘४०३’ म्हणजे बहुधा परवानगीचा प्रश्न. पान पांढरंफटक दिसलं, तर बहुतेक वेळा पीएचपी चालली, वाटेत अडखळली आणि चूक पडद्यावर दाखवायची तिला मनाई आहे. ती चूक एरर लॉगमध्ये नोंदलेली सापडते. उबुंटूवर तर कमांड लाइनची पीएचपी आणि वेब सर्व्हरची पीएचपी यांच्या ‘पीएचपी डॉट आयएनआय’ या सेटिंगच्या फाइली वेगवेगळ्या असतात. माणूस एकीत बदल करतो, दुसरीचा परिणाम बघत बसतो आणि काहीच फरक पडत नाही म्हणून सगळं काढून पुन्हा बसवतो. वास्तविक कोणती फाइल वाचली जात आहे, हे पीएचपी स्वतःच ‘पीएचपीइन्फो’च्या पानावर सांगते. सांगायचा मुद्दा हा, की बिघाडाचं कारण शोधण्यासाठी इथे अंदाज बांधावा लागत नाही; खूण बघून सांधा ओळखायचा आणि लॉगच्या शेवटच्या दहा ओळी वाचायच्या, एवढ्याने शोध एकदम आटोक्यात येतो.

हे न करता केलेले उपाय किती महागात पडतात ते पाहा. परवानगीची अडचण आली की फोल्डरला सरसकट ‘७७७’ देऊन टाकणं हा सर्वांत लाडका उपाय. पान उघडतं खरं, पण आता त्या यंत्रावरच्या कुठल्याही खात्याला तिथे काहीही लिहिता येतं. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणारा वायरमन घराला जितकं सुरक्षित ठेवतो, तितकंच हेही. चाचणीसाठी बनवलेलं पीएचपीइन्फोचं पान तसंच सोडून दिलं, तर सर्व्हरवरच्या आवृत्त्या आणि फोल्डरांचे पत्ते वाटेल त्याला दिसतात. आणि पहिला सांधा निखळला तर काय होतं याचा दाखला फेसबुकचा आहे: ऑगस्ट २००७ मध्ये त्याच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड काही जणांना उघडाच दिसला, आणि एका सर्व्हरची मांडणी चुकली होती, असा खुलासा कंपनीला करावा लागला. जून २०२४ मध्ये विंडोजवर सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या पीएचपीत, बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर आपला कोड चालवता येईल, अशी त्रुटी उघड झाली. अपाचे आणि पीएचपी एकत्र बसवून देणारं, आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये घरोघरच्या चुलीसारखं दिसणारं झॅम्प विंडोजवर नेहमीच्या मांडणीतच या त्रुटीच्या तावडीत सापडत होतं. झॅम्प शिकण्या-बनवण्यासाठी आहे, लोकांसमोरच्या सर्व्हरसाठी नाही, असं ते बनवणारेच सांगतात. ‘लॅबमध्ये चाललं होतं’ एवढ्याच आधारावर ते खऱ्या सर्व्हरवर चढवणाऱ्याने मात्र हे वाचलेलं नसतं.

मराठी वाचकाला सरळ भिडणारा दाखला तर याहून साधा आहे. पीएचपीत ‘एमबीस्ट्रिंग’ नावाचं एक्स्टेन्शन असतं आणि ते अनेकदा वेगळं बसवावं लागतं. ते नसेल, तर बातमीचा मथळा किंवा सारांश ठरावीक लांबीवर कापणारं ‘एमबी-सबस्टर’ हे फंक्शन सापडत नाही, असा एरर येतो. कारण शोधणारा एक्स्टेन्शन बसवतो. घाईतला माणूस फंक्शनच्या नावातलं ‘एमबी’ उडवून साधं ‘सबस्टर’ ठेवतो. एरर जातो, पान उघडतं, बिल निघतं. पण साधं ‘सबस्टर’ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं, तर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ती काना-मात्रा का असेना, तीन बाइटांचं. त्यामुळे कात्री कधीकधी चिन्हाच्या मधोमध चालते आणि मथळ्याच्या शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तंत्रज्ञाच्या पडद्यावरून गेलेला बिघाड मराठी वाचकाच्या पडद्यावर जाऊन बसलेला असतो, एवढंच.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की आता पीएचपी हाताने बसवतो कोण? तयार होस्टिंग आहे, कंटेनर आहेत. खरं आहे, पण सांधे त्यांनी नाहीसे झालेले नाहीत. एन्जिनएक्स एका कंटेनरमध्ये, पीएचपी दुसऱ्यात आणि पत्ता मात्र ‘१२७.०.०.१’ असा दिला, तर तो पत्ता त्या कंटेनरचा स्वतःचाच असतो, आणि तेच ‘५०२’ पुन्हा समोर येतं. तयार होस्टिंगवर पीएचपीची आवृत्ती तर निवडावीच लागते. डेटाबेसशी बोलणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शनं २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ने काढून टाकली. त्यामुळे जुनी वेबसाइट नव्या आवृत्तीवर बंद पडते. मग सोपा उपाय म्हणून आवृत्ती परत ५.६वर नेली जाते, जिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ अखेर थांबलं.

दुसरा आक्षेप ताजा आहे: एआयला विचारलं की उत्तर मिळतं. मिळतं, पण प्रश्नाच्या योग्यतेचं. ‘पीएचपी चालत नाही’ एवढंच लिहिणाऱ्याला दहा शक्यता हाती येतात आणि तो पुन्हा एकेक करून बघायला लागतो. लॉगमधली नेमकी ओळ देणाऱ्याचं काम एक-दोन शक्यतांवर येतं. तिसरी तक्रार एररच्या भाषेबद्दलची, आणि तीत तथ्य आहे. दोन अपूर्णविरामांच्या ‘::’ या खुणेसाठी एक हिब्रू नाव पीएचपीच्या एररमध्ये वर्षानुवर्षं झळकत होतं आणि जगभरचे नवशिके त्यापुढे हात टेकत होते. तरी त्याच ओळीत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक स्वच्छ लिहिलेला असे. न कळणाऱ्या शब्दाला घाबरून कळणारा आकडाही न वाचणं, हा दोष भाषेचा नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा. दहा गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला, प्रवेश-अर्जाची मुदत संपायला दोन तास उरले असताना, कारणं शोधत बसायला सांगणं निर्दयपणाचं आहे. अशा वेळी आधी वेबसाइट उभी करावी, हे मान्यच. पण त्या घाईत काय काय बदललं ते लिहून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी ते उलटवून मूळ कारण काढावं, एवढी अट त्यालाही लागू आहे. नाहीतर तोच बिघाड पुढच्या मुदतीला हजर होतो, आणि तोवर मधे घातलेल्या ठिगळांमुळे तो शोधणं दुप्पट अवघड झालेलं असतं.

म्हणून बदल दोन ठिकाणी हवा. पदविकेपासून बीसीएपर्यंत पीएचपी शिकवली जाते, पण प्रात्यक्षिकाचे गुण चालणाऱ्या प्रोग्रॅमला असतात. विद्यार्थ्याला मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर द्यावा आणि निम्मे गुण कारण लिहिण्याला ठेवावेत. सर्व्हर चालू झाला नाही तरी कारण बरोबर असेल, तर ते पूर्ण द्यावेत. दुसरीकडे शाळा, पतसंस्था, नगरपालिका यांनी देखभालीच्या बिलासोबत तीन ओळी मागाव्यात: काय दिसलं, कशामुळे झालं, काय बदललं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे. जपलेले लॉग कुणी वाचणार नसेल, तर त्या नियमाने फक्त डिस्क भरेल. कारण लिहून मागणारं गिऱ्हाईक आणि कारणाला गुण देणारा परीक्षक असेल, तर लॉग उघडणं ही तंत्रज्ञाची मर्जी उरणार नाही, त्याच्या कामाचा पहिला भाग होईल.