दुर्गम बेट की लुबाडलेले बेट?

कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडे फोगो नावाचे बेट आहे. तेथील टिल्टिंग किंवा जो बॅट्स आर्म यांसारख्या गावी मच्छीमार कुटुंबाकडे चार दिवस राहून आलेला प्रवासी जे लिहितो ते बहुधा ठरावीक असते. खांबांवर उभ्या लाकडी पडव्या, समुद्रातले हिमनग, खारवलेल्या कॉड माशाचे जेवण, रानफळांचा मुरंबा, दार न ठोठावता आत येणारे शेजारी. आणि मग निष्कर्ष असा की, ही साधीभोळी माणसे जगाच्या व्यवहारापासून अलिप्त राहिली आहेत. पाहुणचाराचे वर्णन खोटे नाही. निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे. जगाचा व्यवहार या बेटावर अठराव्या शतकापासून मुक्कामाला आहे.

इंग्लंडमधील पूल बंदराच्या स्लेड या व्यापारी घराण्याची पेढी त्या शतकातच फोगोवर होती. न्यूफाउंडलंडचा सुकवलेला कॉड दक्षिण युरोपच्या बाजारात जाई आणि त्यातला निकृष्ट माल वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरील गुलामांच्या पोटात. वसंतात व्यापाऱ्याने जाळी, मीठ, मैदा, चहा, काकवी उधारीवर द्यावयाची. मोसम संपल्यावर मासा ताब्यात घ्यावयाचा. सामानाचा भाव त्याचा, माशाचा भाव त्याचा आणि माशाची प्रतवारी करणारा माणूसही त्याचाच! कित्येक कुटुंबांच्या हाती वर्षानुवर्षे रोकड अशी आलीच नाही. मासा चिरून, खारवून, उन्हात उलटापालटा करण्याचे कष्ट बायकामुलांचे. खातेवहीत नाव तेवढे घरधन्याचे. ज्या समाजात पैसा नाही तेथे शेजाऱ्याचे श्रम आणि शेजाऱ्याची भाकरी हाच आजारपणातला विमा असतो. प्रवासी ज्याला स्वभावाचा गोडवा म्हणतो, त्यामागे ही सावकारी उभी आहे.

ही माणसे समाधानी होती म्हणावे, तर १९०८ साली याच किनाऱ्यावरील हेरिंग नेक येथे विल्यम कोकर यांनी मच्छीमारांची संघटना स्थापन केली, ती कशासाठी? व्यापाऱ्याला वगळून स्वतःची दुकाने आणि स्वतःचे वृत्तपत्र चालविण्यापर्यंत तिची मजल गेली.

१९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले आणि सावकाराच्या जागी नियोजनकार आले. त्यांच्या हिशेबात लहान गावे ‘परवडत’ नव्हती. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे तीनशे गावांतील तीस हजारांच्या आसपास माणसे हलविण्यात आली. काहींनी आपली घरे ओंडक्यांवर, पिंपांवर तरंगवत नेली. गावाने संमती द्यावी अशी अट होती हे खरे, परंतु शाळा आणि डाक बंद होण्याची धास्ती असलेल्या गावाच्या संमतीला संमती म्हणावे काय? आणि हे धोरण राबविणारे मुख्यमंत्री जोई स्मॉलवुड तरुणपणी न्यूयॉर्कच्या समाजवादी दैनिकात काम केलेले गृहस्थ होते! कार्यकर्त्यांनी हा तपशील विसरू नये.

फोगोवरही तीच वेळ आली होती. १९६७ मध्ये मेमोरियल विद्यापीठाचा विस्तार विभाग आणि चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी बेटावरील लोकांचे म्हणणे सत्तावीस लघुपटांत टिपले आणि ते प्रथम त्याच लोकांना दाखविले. पंथापंथांत आणि गावागावांत विभागलेल्या लोकांना आपली दुखणी एकच असल्याचे पडद्यावर दिसले. त्याच वर्षी त्यांनी सहकारी संस्था उभारली. मोठ्या होड्या बांधल्या, पुढे मासळीप्रक्रियेचे कारखाने चालविले. बेट उठले नाही ते यामुळे.

खरा घाला पुढेच होता. परदेशी ट्रॉलरांच्या काळात, १९६८ साली, उत्तरेकडील कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे मैलांची हद्द आखली, पण परक्यांच्या ट्रॉलरांची जागा स्वदेशी कंपन्यांच्या ट्रॉलरांनी घेतली. मासा कमी आणि लहान होत आहे, असे किनाऱ्याचे मच्छीमार १९८० च्या दशकात सांगत होते. सरकारी शास्त्रज्ञांचा भरवसा बऱ्याच अंशी ट्रॉलरांच्या पकडीच्या आकड्यांवर होता, आणि उरलासुरला मासा जेथे गोळा होई तेथेच ट्रॉलर जात असल्याने ते आकडे फुगलेले राहिले. २ जुलै १९९२ रोजी कॉडबंदी जाहीर झाली आणि सुमारे तीस हजार लोकांचे काम गेले. खेकडा व कोळंबीकडे वळलेली फोगोची सहकारी संस्था मात्र तगली.

२०१३ पासून बेटावर एकोणतीस खोल्यांचे आलिशान अतिथिगृह आहे. बेटाच्याच एका कन्येने धर्मादाय संस्थेमार्फत ते उभारले असून नफा बेटासाठीच वापरला जातो, हे मान्य केलेच पाहिजे. पण ‘अतिथिगृहाने बेट वाचविले’ असे जे सर्रास लिहिले जाते, त्यात सहकारी संस्थेची आधीची पंचेचाळीस वर्षे पुसली जातात. दात्याची कथा सांगावयास सोपी असते. सभासदांच्या सभांचे वृत्त कोण वाचणार?

जून २०२४ मध्ये कॉडबंदी उठली. हंगामासाठी १८,००० टनांची मर्यादा ठरली आणि तीत ट्रॉलरांनाही वाटा मिळाला. पहिले १,१५,००० टन किनाऱ्याच्या मच्छीमारांसाठी व आदिवासी समूहांसाठी राखण्याचे जुने आश्वासन बाजूला पडले. मच्छीमारांच्या संघटनेने या निर्णयाला विरोध केला.