चूप पडलेलं लेकरू आधी पाहा

जल, जंगल, जमिनीची लढाई आपण लेकरांसाठीच लढतो. पण पट्टा हाती यायच्या आधी लेकरूच हातचं गेलं, तर तो पट्टा कोणाच्या नावानं करायचा? म्हणून या अंकात दाव्यांच्या आधी ही गोष्ट.

ताप-खोकला सगळ्याच लेकरांना येते. कोणतं घरी ठेवायचं अन् कोणतं याच घडीला उचलायचं, हे गावाला ओळखता येते. आपल्याच गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1988 पासून गावच्या दायांना आणि पोरांना डब्बा, म्हणजे निमोनिया, ओळखून औषध द्यायला शिकवलं. त्यांनी उपचार केलेल्या लेकरांत शंभरात एकही पुरतं दगावलं नाही. जिथं ही सोय नव्हती तिथं शंभरात तेराच्या वर गेली. 1990 मध्ये हे 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं.

लेकरू शांत असताना कपडा वर करा, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, एक वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40 किंवा जास्त भरले तर निमोनिया समजा. त्याच दिवशी आशाताईला दाखवा. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर थेट दवाखान्यात न्या. ताप असेल तर मलेरियासाठी रक्तही तपासून घ्या.

दूध-पाणी सुटलं, सगळं ओकते, झटके आले, हाक मारून डोळे उघडत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढते, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, थांबू नका. 108 लावा. फोन लागत नसेल तर मिळेल त्या गाडीनं निघा. पुजाऱ्याला दाखवायचं तर दाखवा, पण त्यापायी वेळ घालवू नका. दवाखान्यात चिठ्ठीच्या रांगेत उभं राहू नका, सिस्टरला थेट सांगा. मोठ्यानं रडणाऱ्या लेकराकडे सगळे पाहतात. चूप पडलेलं जास्त धोक्यात असते.

पण ओळखून उपयोग काय, जर रस्ताच नाही? "जमीन फॉरेस्टची आहे" हे उत्तर आता ऐकू नका. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) सांगते: दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडता. त्याला शिफारस ग्रामसभेची लागते. म्हणजे सुरुवात आपल्याच हाती आहे.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, सह्या-अंगठे घ्या, पोच घ्या. अन् त्याच दिवशी गोटुलात श्वास मोजायला शिका.

जय सेवा!