गाडी लावायला जागा आहे, पण...

गेल्या माघात आम्ही घरची अकरा माणसं देवदर्शनाला निघालो. सेलूहून क्रूझर केली होती. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि येताना पंढरपूर. आमच्याकडे असा बेत ठरला की पुरुष मंडळी भाडं, डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता यांचा हिशेब करतात आणि आम्ही बायका दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, अंथरूण-पांघरूण यांचा. रात्री थांबायचं कुठे, हे मात्र कुणीच ठरवत नाही. "बघू की, कुठंबी लावू गाडी. लॉजला पैसे कशाला घालायचे?" भावजी म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. अकरा माणसांना तीन-चार खोल्या म्हणजे यात्रेचा निम्मा खर्च तिथेच संपला.

ऑफिस सुटल्यावर निघालो, त्यामुळे गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत लातूर ओलांडायला रात्रीचे बारा वाजले. ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले होते. पुढे रस्त्याकडेला एक पेट्रोल पंप दिसला. उजेड होता, मोठं आवार होतं, तिथल्या मुलाने "लावा की कडंला" म्हणून परवानगीही दिली. पुरुषांनी सतरंज्या टाकल्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. आम्ही चौघी बायका आणि दोन मुली गाडीतच बसलो. संडासाला कुलूप होतं. "चावी मालकाकडं हाय, सकाळी येतेत ते." पुरुष भिंतीमागे जाऊन आले होते. आम्ही कुठे जाणार? एका बाजूला ट्रक उभे, दुसऱ्या बाजूला हरभऱ्याचं रान. गुडघ्याएवढ्या हरभऱ्यात कसला आलाय आडोसा! शेवटी दोघींनी चादर धरायची आणि एकीने बसायचं, असं करून मुलींची सोय लावली. जाऊबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. गंगाखेड सोडल्यापासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. "पाणी पेलं की पंचाईत, माय," एवढंच म्हणाल्या.

त्यांना शुगर आहे. दुसरा दिवसही त्यांनी तसाच, घोट-घोट पाण्यावर काढला. तिसऱ्या दिवशी अक्कलकोटला त्यांना थंडी वाजून ताप भरला. सोलापूरच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, तर जंतुसंसर्ग निघाला. लघवी तुंबवून ठेवणं, पाणी न पिणं आणि त्यात मधुमेह, डॉक्टर आमच्यावर चांगलेच चिडले. तपासणी, सलाईन, औषधं यांत जे पैसे गेले त्यात दोन रात्रींचा लॉज आरामात झाला असता. गाणगापूर राहिलं ते राहिलंच. घरी आल्यावर मात्र भावजी सगळ्यांना सांगत होते, "मुक्कामाला एक रुपया लागला नाही!"

मैत्रिणींनो, मला फुकट मुक्कामाचं वावडं नाही. उलट ती आपल्याकडची जुनी रीत आहे. माझं माहेर गंगाखेडचं. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. तेव्हा आमची ओसरी, समोरचं अंगण, शाळा, सगळं वारकऱ्यांनी भरून जायचं. दिंडीचे ट्रक मोकळ्या जागेत उभे असायचे. कुणी कुणाला भाडं विचारत नव्हतं. पण माझी आजी आलेल्या बायकांना सगळ्यात आधी परसदार दाखवायची. चहा नंतर. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. त्या रात्री पंपावर आजी फार आठवली.

अजूनही चांगल्या जागा आहेत, त्या माहीत करून घ्यायला हव्यात. आपल्या शेजारच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत आणि लंगर तर सगळ्यांना खुला. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा सोहळा झाला, त्या वेळी तिथे बऱ्याच सोयी वाढल्या. पंजाबकडून आलेली कुटुंबं किती निर्धास्त वावरतात, ते एकदा जाऊन बघा. शेगावच्या संस्थानाची भक्त निवासं माफक दरात मिळतात आणि तिथली स्वच्छता पाहून आपल्यालाच आपल्या न्हाणीघराची लाज वाटते. अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचं यात्री निवास आहे. पंढरपुरात वारीच्या दिवसांत चंद्रभागेपलीकडच्या ६५ एकराच्या मैदानावर राहुट्यांसाठी जागा, पाणी, दिवे, शौचालयं अशी सोय करतात. म्हणजे मनात आणलं तर होतं.

पण ही झाली देवाची ठिकाणं. दोन देवांच्या मधल्या रस्त्याचं काय? तिथे आपल्या नशिबी पंप, ढाबा नाहीतर टोलनाका. ढाब्यावर जेवलं की बाज फुकट मिळते, पण शेजारच्या बाजांवर कोण झोपलंय हे बघून आपली झोप उडते. त्यातल्या त्यात टोलनाका बरा, कारण तिथे प्रसाधनगृह असतं आणि रात्रभर माणसं जागी असतात. राष्ट्रीय महामार्गावर काही अडचण आली तर १०३३ हा नंबर आहे, भीती वाटली तर ११२. पंपाचं म्हणाल, तर पिण्याचं पाणी, हवा आणि वापरण्याजोगा संडास फुकट ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमातच आहे. तक्रारीचा नंबरही तिथे लावलेला असतो. आता मी डिझेल भरायच्या आधीच संडासाला कुलूप आहे का ते बघते. कुलूप असेल तर गाडी पुढे. ड्रायव्हर कुरकुरतो, कुरकुरू दे. (आणि हो, पंपाच्या आवारात शेगडी पेटवून खिचडी टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. बाई गं, तिथे काडीसुद्धा ओढू नका! काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणंही तितकंच वाईट. विषारी धूर आत शिरला तर कळतही नाही.)

माझी पुतणी अमेरिकेत असते. तिकडे पलंग, ओटा, संडास सगळं आत असलेल्या मोठ्या गाड्या घेऊन कुटुंबं महिना महिना हिंडतात. रात्री वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर गाडी लावतात. दुकानाच्या व्यवस्थापकाला विचारायचं, एक रात्र राहायचं, पसारा मांडायचा नाही, सकाळी निघायचं. पैसे नाहीत. ऐकून मला आधी हेवा वाटला. मग लक्षात आलं, त्यांना फुकट जागा चालते, कारण संडास त्यांच्या गाडीतच आहे. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. छानच आहे. पण आपल्या सेलू-जिंतूरच्या बाया काही कॅराव्हॅनमधून जाणार नाहीत. आपण क्रूझरमधून जाणार, मांडीवर पोर आणि पायाखाली डब्याची पिशवी घेऊन.

म्हणून मला एक सुचतं. आपल्या बहुतेक तालुक्यांना बाजार समितीचं आवार आहे. फाटक आहे, राखणदार आहे, दिवे आहेत, पाणी आहे. हंगामात सेलू, मानवतला कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा शेतकरी रात्र रात्र गाडीखाली झोपतात. हंगाम सरला की तेच आवार ओस पडतं. तिथे कुटुंबाच्या गाड्यांना रात्री थांबू द्यावं आणि बायकांसाठी आतून कडी लागणारे, दिवा असलेले दोन संडास बांधावेत. मालाबरोबर येणाऱ्या शेतकरी बायकांनाही ते उपयोगी पडतील. फुकटच द्या, असा माझा हट्ट नाही. गाडीमागे पन्नास रुपये घ्या, त्यातून झाडणाऱ्या बाईला पगार द्या.

यावर एका ओळखीच्या सदस्यांनी मला ऐकवलं, "वहिनी, लोक घाण करून जातेत. कोण निस्तरणार?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण त्या पंपावरून सकाळी निघताना आमच्याच पत्रावळी आणि मुलींच्या वापरलेल्या पॅडची पुडी कुंपणापाशी पडली होती. टाकायला डबा नव्हता, हे खरं. पण ती उचलून पिशवीत घालावी, हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही, हेही खरंच.

आता दिवाळीनंतर राहिलेल्या गाणगापूरचा विषय निघालाय. परवा भावजी गाडीवाल्याशी फोनवर भाडं ठरवत होते. जाऊबाई भाकऱ्या थापत होत्या. पिठाच्या हातानेच उठल्या आणि म्हणाल्या, "आधी त्याला इचारा, रात्री थांबायचं कुठं ते. मग भाड्याचं बोला."