पुढे गेलेल्याने थांबायचं असतं!

गेल्या रविवारी सकाळी गागोदे बुद्रुकमध्ये सायकल भिंतीला टेकवून मी घड्याळाकडे बघत उभी होते. पेणहून माझ्याबरोबर निघालेली पार्टनर अजून मागेच होती. रूममेटची धाकटी बहीण. आयटीत नुकतीच लागलीय, पहिल्या पगाराची सायकल घेतलीय, आणि चढ दिसला की उतरून चालते. इकडे माझं ट्रायथलॉनचं ट्रेनिंग चाललंय आणि सरासरी वेगाचे पार तीनतेरा! पुढच्या वेळी हिला आणायचं नाही, मी ठरवूनच टाकलं.

गागोदे म्हणजे विनोबांचं जन्मगाव. १९५१ पासून तेरा वर्षं हा माणूस भूदानासाठी देशभर पायी फिरला. तोही स्टॉपवॉच न लावता.

मी मात्र स्टॉपवॉचवाली. तुम्हाला माहितीय, आयर्नमॅन ट्रायथलॉन ही मुळात एका फौजी माणसाची आयडिया! अमेरिकन नौदलातले कमांडर जॉन कॉलिन्स आणि त्यांची बायको ज्युडी यांनी १९७८ मध्ये हवाईत ती सुरू केली. जास्त फिट कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, या वादातून. ३.८ किलोमीटर पोहा, १८० किलोमीटर सायकल मारा आणि वर ४२.२ किलोमीटर धावा. पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. त्यात कॉलिन्सही होते. पण लोक त्यांना ओळखतात ते त्यांच्यानंतर उतरलेल्या हजारोंमुळे.

त्यावरून आठवला आपला कमांडर, दिलीप दोंदे. सायकल नाही, रनिंग नाही, नुसता समुद्र. पण दमसास म्हणाल तर आयर्नमॅनने हात जोडावेत असा!

एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करायची, ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. २००६ मध्ये दोंदेंनी हात वर केला. पण हे आधी कुठल्याच भारतीयाने केलेलं नव्हतं, मग शिकायचं कोणाकडे? एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारणारे जगातले पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. दोंदे सरळ त्यांच्या टीममध्ये जाऊन राबले. इकडे गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी 'म्हादेई' तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. अशी प्रदक्षिणा एकट्याने करणारे पहिले भारतीय!

आपण असतो तर इथे फोटो, सत्कार आणि मग जन्मभर मोटिव्हेशनल लेक्चरं. दोंदे मात्र दुसऱ्यांच्या तयारीला लागले. त्यांच्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणारा अभिलाष टोमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी मारून आला. मग वर्तिका जोशी आणि तिच्या पाच सहकारी. नौदलाच्या या सहा जणींना दोंदेंनी तयार केलं आणि २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून त्यांनी जगाला फेरी मारली. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा, दोघीच. त्यांना घडवणारा कोण? अभिलाष टोमी. नॉक्स-जॉन्स्टनकडून दोंदे, दोंदेंकडून टोमी, टोमीकडून या दोघी... एकट्याची म्हणून सुरू झालेली गोष्ट बघता बघता केवढी मोठी झाली!

एवढ्यात आमची स्वारी उगवली. चेहरा लालबुंद.

"सॉरी ताई, तुझा वेळ गेला. मी नाही येत आता. सायकल विकूनच टाकते."

माझ्याच मनातलं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि कसंतरीच झालं. काय बोलावं सुचेना म्हणून तिची सायकल बघायला लागले. सीट चांगली दोन इंच खाली! बिचारी पेणपासून गुडघे दुमडून पेडल मारत होती. मला हे निघतानाच दिसायला हवं होतं. दिसणार कसं? मी माझं घड्याळ सेट करत होते.

पाना काढला, सीट वर घेतली, चढावर गिअर कधी टाकायचा ते दाखवलं. दहा मिनिटं लागली असतील.

परतताना तिला पुढे जाऊ दिलं. पेण येईपर्यंत ती दोनदाच उतरली. पुढच्या रविवारी पुन्हा निघतोय, दोघीही.

तुमच्या मागे कोण राहिलंय? एकदा वळून बघा ना.